पानाची मागची बाजू

बाबा,

आईने आज पुन्हा ते पान बाहेर काढलंय. खिडकीशी खुर्ची ओढून बसलीय, पान मांडीवर, आणि मी इथे ओट्यावर वही टेकवून उभ्यानेच लिहितेय, कारण बसले की लगेच उठावंसं वाटतं. सकाळपासून हेच चाललंय. दूध तापवलं, गॅस बंद केला, पुन्हा जाऊन बंद केला का ते पाहिलं. कपडे वाळत घातले आणि वाळायच्या आधीच दोनदा चाचपून आले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "पोरी, पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? टेक जरा." नाही टेकवत. केस पांढरे झाले तरी गेलं नाही हे, जित्याची खोड म्हणतात ती अशी. त्यात ते पान बाहेर आलं की मला घरात एका जागी राहवतच नाही. जेसल पार्कची खोली आपली तीच आहे, फरशी मात्र बदलली. तुमच्या काठीखाली ती आता वेगळी वाजली असती.

तुमची संध्याकाळ ठरलेली असायची. लहानपणी देवी आल्या आणि त्यात डोळे गेले, पण त्याबद्दल तुम्ही कधी लांबण लावलेली मला आठवत नाही. दिवसभर मुंबईतल्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसायचात, घरी आलात की चहा, आणि चहा झाला की स्वयंपाकघरात पाटावर ब्रेलची पाटी मांडायचात. जाड कागद पाटीच्या दोन पात्यांत अडकवायचा, लाकडी मुठीचा स्टायलस हातात घ्यायचा, आणि टकटक सुरू. आई भाकऱ्या थापायची, तुम्ही ठिपके टोचायचात, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून जायचे. मिठाच्या आणि साखरेच्या डब्यांवर तुम्ही ठिपक्यांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. आई पट्टीकडे न बघता हाताला येईल त्या डब्यात मीठ-साखर भरायची. मग रविवारी तुम्ही केलेल्या चहात मीठ पडायचं आणि दोघांची जुंपायची. "डोळे असून आंधळी," तुम्ही म्हणायचात. "तुमाला तर तेवढं निमित्त बी हाय, मला ते बी नाय," आई म्हणायची, आणि मीठ पडलेला चहा मोरीत ओतायची.

मी तुमच्या मांडीला टेकून बसायची आणि बघायची. ब्रेल लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचत जायचं, मग कागद काढून उलटा केला की टोचलेले खड्डे पलीकडे ठिपके होऊन वर येतात आणि ते डावीकडून उजवीकडे वाचायचे, हे मला कुणी सांगितलंच नाही. मला दिसत होते ते खड्डे. तुम्ही टोचताना तोंडाने अक्षर पुटपुटायचात, त्यावरून मी खड्डेच शिकले. एक दिवस मोठ्या तोऱ्यात तुम्हाला म्हटलं, मला येतं तुमचं लिहिलेलं वाचायला. तुम्ही कागद काढलात, सरळ बाजू वर केलीत आणि म्हणालात, "हं, वाच." माझी दांडी गुल. त्या बाजूने सगळंच फिरलेलं. माझा भ होता तिथे ब, माझा ज होता तिथे ह. तुम्ही पोट धरून हसलात. "अगं, तू माझं लिहिणं शिकलीस, वाचणं नाही शिकलीस." मग माझं बोट धरून ओळीवर ठेवलंत. हलकं ठेव, दाबू नकोस. लागतंय का? मी म्हटलं, लागतंय. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघून अक्षर सांगितलं. तुम्हाला कसं कळलं कोण जाणे, माझ्या बोटावर चापट मारलीत. "डोळे मीट. तुझे डोळे फार लुडबुड करतात." त्या चापटीपेक्षा ते वाक्य मला जास्त लागलं होतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमची जुनी पाटी मला देऊन टाकलीत, बिजागरी सैल झालेली. ती अजून आहे.

त्या पाटीवरच तुम्ही गाणी रचायचात. आपल्या समाजाची गायन पार्टी, एप्रिलमधल्या जयंतीला वस्त्यावस्त्यांतून बोलावणी, आणि पार्टीचे शाहीर तुम्ही. शाळेवर गाणं, पाण्यावर गाणं, गाव सोडून मुंबईला आलेल्या माणसांवर गाणं. तुम्ही बोट फिरवत एकेक ओळ सांगायचात, ढोलकीवाले काका ठेका धरायचे, बाकीचे कानावर पाठ करायचे. आई तेव्हा स्टेशनच्या पूर्वेकडच्या कारखान्यांच्या गाळ्यांत कामाला जायची, स्टीलच्या वाट्या आणि ताटल्या पॉलिश करायला. संध्याकाळी घरी आली की साबणाने कितीही घासले तरी तिच्या हातांना वास असायचा. तालीम संपली की ती दारात उभी राहून टोमणा मारायची, "सगळ्या दुनियेवर गाणी, माज्यावर एक नाय." तुम्ही म्हणायचात, करतोय गं. "मी दिसते कशी ते तरी कुनाला इचारलंत का कधी?" तुम्ही बेफिकीर मान हलवायचात. "कशाला विचारू? मला काय करायचंय?" वर्षानुवर्षं तेच. आई हसायची खरी, पण आत वळली की तिचा उतरलेला चेहरा मला दिसायचा, तुम्हाला नाही. मग शेवटी शेवटी तुम्ही एक ओळ गुणगुणायला लागलात: वाजते तुझी कळशी, माझी सकाळ होते गं. आई विचारायची, पुढं? पुढे चाललंय, म्हणायचात. रोज तेच एक पान काढायचात, बोट फिरवायचात, ओठ हलायचे, पान परत ट्रंकेत.

त्याच दिवसांत माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा चालू होता. इंग्रजी छापील कागद मशीनखाली ठेवला की कॉम्प्युटर अक्षरं ओळखतो, असं सरांनी वर्गात सांगितलं आणि मला बसवेना. छापील ओळखतो तर ठिपके का नाही? घरी येऊन चप्पल काढायच्या आधी तुम्हाला सांगितलं. बाबा, मी असा प्रोग्रॅम करणार, तुमचं पान ठेवायचं आणि पडद्यावर मराठीत उमटणार. आईलासुद्धा वाचता येईल. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "म्हणजे माझं तुम्हाला वाचता येणार. आणि तुमचं मला कोण वाचून दाखवणार? पेपर, पुस्तकं, तुझ्या वह्या? सगळं जग छापलेलं पडलंय, त्यातलं एक पान माझ्या बोटाखाली येत नाही, आणि तू निघालीस माझं चोरून वाचायला." चोरून. तो शब्द मला एवढा झोंबला की मी दोन दिवस तुमच्याशी धड बोलले नाही. मग आपलं बोलणं सुरू झालं, पण त्या विषयावर नाही. आणि मग तुम्ही गेलातच. ऑफिसात बोर्डावर बसल्याबसल्या, कुणाचा तरी फोन जोडून देताना. जोडलेला फोन चालूच होता म्हणे.

तेराव्याबिराव्याचं आपल्यात काही नव्हतं. वंदना झाली, माणसं पांगली, आणि आईने तुमची ट्रंक उघडली. वर बाकीची गाणी होती, ती पार्टीला तोंडपाठ होतीच. तळाशी ते पान, चांगल्या जाड ब्रेल कागदाचं. बाकी सगळं तुम्ही जुन्या कॅलेंडरांवर लिहायचात, हे एकच खऱ्या कागदावर. आईने ते माझ्या हातात दिलं. "ह्यात माजं गानं हाय. काडून दे." मी खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. पहिली ओळ दिसली, पुढे सपाट. तुमचे ऑफिसातले मित्र, तुमच्यासारखेच न बघणारे, एका रविवारी मुद्दाम आले. त्यांनी दोन्ही हातांनी पान चाचपलं, पुन्हा चाचपलं. "पहिली ओळ लागते. पुढे नुसता कागद आहे, वहिनी. झिजलंय. फार वाचलंय त्यानं." आई चहा टाकायला उठली आणि त्या दिवशी तिच्याच हातून साखरेऐवजी मीठ पडलं. मला तेव्हा तुमचा राग आला होता, बाबा. एवढं वाचायचं होतं तर एकदा मोठ्याने वाचायचं होतं.

मला नोकरी लागली ती शांती नगरमधल्या एका डीटीपीच्या दुकानात. लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्डं. शेठ गुजराती, माणूस तोंडाने फटकळ आणि पोटातून मऊ. दुकानात राखाडी रंगाचा एक स्कॅनर आला, त्याला शेठ नव्या नवरीसारखं जपायचा, फडक्याने पुसायचा, माझ्याशिवाय कुणाला हात लावू द्यायचा नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी तुमची गाणी आणून त्याच्यावर ठेवायला लागले. पान पांढरं, ठिपके पांढरे, पडद्यावर बघावं तर पांढराफटक चौकोन. "अरे बेन, कब से ये कोरा कागज स्कॅन करती है? कोरे का कोरा ही आएगा ना!" शेठ म्हणायचा. एकदा मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात त्याने मदत म्हणून झाकणावर टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी ठेवली. फोटो सपाट बसावा म्हणून तो नेहमीच ठेवायचा, दुकानाची रीतच ती. मी ओरडलेच. "शेठ, उठाओ वो! दब जाएगा!" तो दचकला. "क्या दब जाएगा? कागज में है क्या?" मी म्हटलं, "मेरे बाबा का गाना है." शेठने डिरेक्टरी उचलली, काखेत धरली आणि स्कॅनरकडे असा बघत राहिला की जणू आत कुणी झोपलंय. त्यानंतर झाकण मी काढूनच टाकलं आणि वर नुसतं काळं कापड घालायला लागले. डिरेक्टरी पंख्याखालच्या कागदांवर गेली.

तुम्हाला सांगते ते काय होतं. स्कॅनरचा दिवा एका अंगाने येतो. ठिपका वर आलेला असेल तर त्याची दिव्याकडची कड चमकते आणि पलीकडे बारीकशी सावली पडते. आधी उजेड, मग सावली. खड्डा असेल तर उलट, आधी सावली, मग उजेड. डोळ्यांना हे जेमतेम दिसतं, पण कॉम्प्युटरला उजेडाचे आकडे दिसतात. सावल्या शोधायच्या, त्यांच्यावर सहा-सहा घरांची जाळी बसवायची, कुठलं घर भरलंय त्यावरून अक्षर. बोलायला सोपं. करताना नाकी नऊ आले. पान केसभर तिरकं पडलं की सगळी जाळी घसरायची आणि तुमचं गाणं बोबडं बोलायला लागायचं. कॅलेंडरवरच्या गाण्यांत तारखांचे छापील आकडे मध्येच घुसायचे. घरी जाऊन आईला काय सांगायचं हे ठरवत मी रोज परतायची, आणि ती काही विचारायची नाही, ते जास्त वाईट होतं. फक्त ताट वाढताना एकदा माझ्याकडे बघायची.

बाकीची गाणी एकेक करून आली. तुमच्याच चालीत मी ती पडद्यावर वाचली आणि शेठसमोर रडले, त्याने गुपचूप चहा मागवला. पण ते एक पान येईना. सरळ बाजूने पहिली ओळ, आणि पुढे नुसती प्रश्नचिन्हं. मी प्रोग्रॅम बदलला, उजेड बदलला, दहादा शिव्या घातल्या, तुम्हालासुद्धा. एके दुपारी वैतागून पान उचललं आणि ते हातातून निसटून उलटं पडलं. मागची बाजू वर. मी ते उचलायला वाकले आणि तशीच थांबले, कारण मला स्वयंपाकघरातला तो पाट आठवला. मी तर ह्याच बाजूने शिकले होते. तुमच्या बोटांनी ठिपक्यांची टोकं झिजवली होती, पण बोटं मागच्या बाजूला कधी फिरलीच नव्हती. तिथे तुमच्या स्टायलसचे खड्डे होते, जुने, उथळ, माझ्या डोळ्यांना नुसते डाग, पण होते. मी पान मागच्या बाजूने काचेवर ठेवलं, प्रोग्रॅमला सांगितलं की आता आधी सावली मग उजेड शोध, आणि आरशातलं वाचल्यासारखं उजवीकडून वाच. तो वाचायला लागला. घरघर करत, एकेक ओळ. वाजते तुझी कळशी, माझी सकाळ होते गं. मग पुढे: पॉलिशचा वास हाताला, त्याच हाताची भाकर गं, अंधार माझा गोड झाला, जशी चहात साखर गं. मी उभी राहिले. दुकानातल्या दुकानात तीन चकरा मारल्या. शेठ म्हणाला, "आया क्या?" मी म्हटलं, "आया."

पण एक कडवं जास्त येत होतं. शेवटच्या कडव्याच्या आधी दोन ओळी होत्या, त्यांची चाल त्याच मापाची, अर्थ मात्र पुढच्या दोन ओळींशी भांडणारा. आधी वाटलं प्रोग्रॅम चुकला. शेठचं फोटोच्या निगेटिव्ह बघायचं भिंग घेऊन मी पान सरळ केलं आणि तीच जागा पाहिली. बाकीचे ठिपके झिजून मऊ झाले होते, कडा मळलेल्या. ह्या दोन ओळींतला प्रत्येक ठिपका मात्र चेपलेला होता, प्रत्येकावर नखाची बारीक खूण. ब्रेलमध्ये चुकलं की तुम्ही असंच करायचात, नखाने ठिपका दाबायचात. त्या ओळी झिजल्या नव्हत्या. तुम्ही त्या खोडल्या होत्या. आणि माझा प्रोग्रॅम मागून बघत होता, त्याला झिजलेलं आणि खोडलेलं यांतला फरक कळत नव्हता. त्याने दोन्ही वाचलं, सारख्याच भक्तिभावाने.

खोडलेल्या ओळी अशा होत्या:

विचारलं मी चौघांना, दिसते कशी सांगा रं,
चौघांनी चार सांगितल्या, कुठली माझी, सांगा रं.

आणि त्यांच्या जागी तुम्ही लिहिलं होतंत:

रूपाचं मला काय काम, आवाज तुझा पुरे गं,
हाक तुझी दारातून, मन माझं भरे गं.

खरं सांगू? नवं कडवं रेडिओवर कुठलंही लागावं तसं आहे. खोडलेलं तुमचं आहे. पण ते तुम्ही खोडलंत. आणि तुमचा तो शब्द माझ्या कानात वाजायला लागला. चोरून. त्या संध्याकाळी मी घरी न जाता खाडीच्या कडेने चालत राहिले. रेतीच्या होड्या परत येत होत्या, माणसं ओरडत होती, आणि मी बांधावरून जात-येत होते. माणूस जे खोडतो ते त्याचं असतं. तुम्ही जिवंत असताना कुणी तुमच्या पाठीमागे उभं राहून पुटपुटलेलं ऐकलं असतं तर तुम्ही त्याला हाकललं असतंत. आणि दुसरीकडे आई. आयुष्यभर तिने एकच गोष्ट विचारली आणि तुम्ही मान हलवून उडवून लावलीत. तिचं उत्तर माझ्या पर्समध्ये होतं, छापून, घडी घालून. मी ठरवलं, नाही सांगायचं. बाबांनी खोडलं ते खोडलं. घरी पोचेपर्यंत हा निश्चय पक्का होता.

रविवारी सकाळी आई सुकट निवडत बसली होती. मी समोर बसून गाणं वाचून दाखवलं, खोडलेल्या ओळी वगळून. तिने हात थांबवला नाही. भाकर आणि साखर आली तेव्हा जरा हसली. शेवटचं कडवं झालं. "हं," म्हणाली. "बरं हाय." आणि सुकटीतला कचरा बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "ह्ये शेवटचं तर कुनी बी कुनावर म्हनंल." एवढंच. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्या ट्रंकेजवळ वर्षानुवर्षं बसून राहिलेलं माणूस उठून आत निघून जावं तसं काहीतरी होतं. आणि माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, आई, अजून दोन ओळी आहेत. पण बाबांनी त्या खोडल्यात. मागून दिसतात. वाचू का नको, तू सांग.

तिने सुकट बाजूला सारली. मग पदराला हात पुसले. "वाच."

मी वाचलं. तिने माझ्या हातातून कागद ओढून घेतला, जशी काही मी खोटं वाचतेय. "म्हंजे इचारलं होतं!" तिचा आवाज चिरकला. "मला म्हनायचे, कशाला इचारू, मला काय करायचंय. आनि गावभर इचारत होते!" ती हसायला लागली, एवढी की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मग नुसतं पाणीच राहिलं. "कोन चौघं? ढोलकीवाला असनार एक, त्यो तर मला काळी म्हनायचा. आनि काय काय सांगितलं त्यांनी? ते कुठं लिवलंय?" मी म्हटलं, ते नाही लिहिलेलं. "बघ. अर्धंच लिवलं," ती म्हणाली, आणि सुकटीवर माश्या बसल्या तरी तिला त्याचं भान नव्हतं.

ढोलकीवाले काका गाणं घ्यायला आले. त्यांना सगळं हवं होतं, मशीनने काढलंय म्हटल्यावर तर एक अक्षरही सोडायचं नव्हतं. आईने त्यांना स्वच्छ उतरवलेली प्रत दिली, त्या दोन ओळी सोडून. मी तिच्याकडे पाहिलं. काका गेल्यावर म्हणाली, "खोडलंय ते. त्यांनी खोडलं ते मांडवासाठी खोडलं. माज्यासाठी थोडीच खोडलं." जयंतीला पार्टीने ते गाणं म्हटलं. आई बायकांत मागे बसली होती. शेवटच्या कडव्याला सगळे म्हणत होते, रूपाचं मला काय काम, आणि तिचे ओठ वेगळंच काहीतरी म्हणत होते. मला इतक्या लांबूनही कळलं काय ते. तुम्हाला चोरून वाचलेलं आवडलं नसतं, बाबा, पण तो तिचा चेहरा तुम्हाला कुणीतरी सांगायला हवा होता. चौघांत मी पाचवी झाले असते.

पुढे माझी नोकरीच ती झाली. आंधळ्यांच्या एका वाचनालयासाठी जुनी हाताने टोचलेली ब्रेल पुस्तकं मशीनने वाचून काढायची. चांगलं काम आहे. माझा प्रोग्रॅम आता खोडलेले ठिपके ओळखतो आणि गाळतो, ती सोय मी स्वतः घातली. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. छापील घेऊन ठिपके उमटवणारी मशीनं नंतर आली, दुसऱ्यांनी केली, बोलून दाखवणारीही आली, तुम्ही असतात तर पेपर कानाने वाचला असतात. मी मात्र सगळं आयुष्य एकाच दिशेचा रस्ता बांधत राहिले, तुमच्याकडून माझ्याकडे. आता बघा, हेसुद्धा निळ्या पेनाने लिहितेय. तुमच्या जुन्या पाटीवर मला लिहिता येतं, तुम्ही म्हणाला होतात तसं, लिहिणंच तर शिकले. मघाशी तिच्यावर "बाबा" एवढं टोचूनही पाहिलं. मग पेन घेतलं, कारण टकटक ऐकून आई बाहेरून म्हणाली, "आले काय?"

मी बाहेर गेले. ती पान घेऊन बसली होती, डोळे मिटलेले. स्टील घासून घासून तिच्या बोटांची कातडी जाड झालीय, चटकासुद्धा उशिरा लागतो तिला. ते बोट ती बरोबर त्या दोन ओळींवर फिरवत होती, हलकं, न दाबता. तिथे काही उरलेलं नाही, बाबा. मी त्या जागेच्या सावल्या मोजल्यात, सरळ बाजूला एकही सावली पडत नाही. "हितं हाय बघ," आई म्हणाली. मी विचारलं, लागतं तुला? "लागतं की." तिने माझं बोट धरलं आणि त्या जागेवर ठेवलं, अगदी तुम्ही ठेवायचात तसं. "तुला नाय लागत?"

मी डोळे मिटले. यावेळी खरंच मिटले. "लागतं," म्हटलं.

तुम्हाला तर कळलंच असेल. नाही लागलं.